प्लास्टर हाताला आहे, शाळेला नाही

लहान मुलाला दुखापत झाल्यावर शाळा केव्हा सुरू करावी?

खेडेगावातले मूल घरात कमी आणि बाहेर जास्त वाढते. चिंचेच्या झाडावर चढायचे, उसाच्या गाडीमागे लोंबकळायचे, गोठ्याच्या भिंतीवरून उडी टाकायची, हे त्याचे रोजचे खेळ. त्यात कधीतरी तोल जातो, मूल हात टेकून पडते आणि मनगटाजवळ किंवा कोपराजवळ हाड मोडते. मग दवाखाना, फोटो, प्लास्टर असे सगळे ओघाने येते.

त्यानंतर पुष्कळ घरांत एकच वाक्य ऐकू येते. आजी सुनेला बजावते, “अगं सूनबाई, लेकराचा हात मोडलाय. प्लास्टर निघेस्तोवर शाळेचं नाव काढू नकोस.” आजीचे बोलणे मायेपोटीच असते. पण हिशेब करून पाहा. प्लास्टरचे पाच-सहा आठवडे, ते निघाल्यावर ‘हातात अजून जोर नाही’ म्हणून पंधरा दिवस, तेवढ्यात जत्रा किंवा पेरणी. बघता बघता दोन-अडीच महिने निघून जातात.

पहिली-दुसरीच्या मुलाला एवढा खंड फार महाग पडतो. जोडाक्षरे आणि हातच्याची बेरीज याच दिवसांत शिकवून होते. परत आलेल्या मुलाला फळ्यावरचे कळत नाही, ते मागच्या रांगेत सरकते आणि पोटात दुखते म्हणून घरी राहू लागते. मुलगी असली तर आणखी एक भर. एक हात गळ्यात असला तरी दुसऱ्या हाताने धाकट्या भावाचा पाळणा हलवता येतो, असे घराच्या लक्षात येते आणि हाड जुळले तरी तिची शाळा जुळत नाही. हाड सहा आठवड्यांत सांधते. तुटलेली शाळा सांधायला वर्ष पुरत नाही.

म्हणून पालकांनी एवढे मनाशी पक्के करावे, की प्लास्टर निघण्याची वाट पाहायची नसते. दुखणे आणि सूज आटोक्यात आली की शाळा सुरू करायची.

पहिले तीन दिवस डोळ्यात तेल घालून

हाड मोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते. या दिवसांत मूल घरीच असावे. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. बोटे हलवायला सांगावे. डॉक्टरांनी दिलेले वेदनेचे औषध वेळेवर द्यावे.

प्लास्टर आत घट्ट होत आहे का, हे दर दोन-तीन तासांनी पाहावे. बोटे पांढरी किंवा निळसर पडली, गार लागली, मुंग्या आल्या किंवा बधिर झाली, बोट सरळ करताच मूल किंचाळू लागले, औषध देऊनही कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी दवाखाना गाठावा. रक्तपुरवठा अडला तर काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होतात आणि बोटे वाकडी होऊन बसतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीनेही हेच होते. म्हणून मुलाचा हात बांधून घेण्यासाठी किंवा चोळून घेण्यासाठी कुणाकडे नेऊ नये. कोपराजवळच्या मोडीला तर मालीश मुळीच करू नये. तिने सांधा आखडतो.

हात मोडला असेल तर

साध्या मोडीत आणि शस्त्रक्रिया झालेली नसेल तर बहुतेक मुले चार-सहा दिवसांत वर्गात बसू शकतात. पुढच्या पाच गोष्टी ताडून पाहाव्यात.

१. अंगात ताप नाही.
२. साध्या औषधाने दुखणे आटोक्यात राहते.
३. रात्री नीट झोप लागते, जेवण जाते.
४. बोटे उबदार आहेत आणि हलतात.
५. हात झोळीत ठेवून मूल दोन तास बसू शकते.

पाचही गोष्टी जमल्या, की डॉक्टरांना विचारून शाळेत पाठवावे. पहिले दोन दिवस अर्धी शाळा केली तरी चालेल. शस्त्रक्रिया होऊन तार घातली असेल, तर जखमेकडे पाहून डॉक्टर दिवस ठरवतील.

उजवा हात बांधलेला असला म्हणजे शिकणे थांबले असे नाही. मूल ऐकू शकते, वाचू शकते, पाढे म्हणू शकते, तोंडी उत्तर देऊ शकते. लिहिण्याचे तेवढे मागे राहील. ते भरून निघते.

पाय मोडला असेल तर

पायाची गोष्ट वेगळी. नडगीचे हाड मोडले तर प्लास्टर दीड-दोन महिने, कधी अधिकही राहते. मांडीचे हाड मोडलेल्या लहान मुलाला कमरेपासून प्लास्टर घालतात. असे मूल घरीच राहणार, ते योग्यच आहे. पण मूल घरी राहिले तरी अभ्यास चालू ठेवता येतो. गुरुजींना किंवा बाईंना भेटून आठवड्याचा अभ्यास लिहून आणावा. शेजारचे वर्गमित्र संध्याकाळी अर्धा तास येऊन बसले तरी पुष्कळ होते, आणि मुलाचा जीवही रमतो.

गुडघ्याखाली प्लास्टर असलेल्या मुलाला दुखणे थांबल्यावर शाळेत नेता येते. मात्र पाय टेकवायचा की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. अगदी लहान मुलांना कुबड्यांवर तोल सांभाळत नाही. त्यांना उचलूनच न्यावे लागते. सायकलच्या कॅरिअरवर बसवू नये. लोंबणारा पाय चाकात अडकण्याची भीती असते.

डोक्याला मार लागला असेल तर

इथे मात्र घाई करू नये. मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले असले तरी दवाखान्यात दाखवावेच. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, जागे करूनही न उठणे, झटके, असंबद्ध बोलणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, हातापायातली शक्ती कमी होणे, यातले एक जरी लक्षण दिसले तरी ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही विनामूल्य सेवा २०१४ पासून आहे.

मार साधा असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तरी पहिले २४ ते ४८ तास मुलाला आराम द्यावा आणि मोबाईल व टीव्हीपासून दूर ठेवावे. पूर्वी अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस निजवून ठेवायला सांगत. आता तसे सांगत नाहीत. खेळातील डोक्याच्या दुखापतींवर २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली. तिनेही दोन दिवसांच्या बेताच्या विश्रांतीनंतर हळूहळू रोजचे व्यवहार सुरू करण्याचाच सल्ला दिला. आधी घरी थोडे वाचून पाहावे, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. डोके फार दुखू लागले तर एक पायरी मागे यावे. कबड्डी, खो-खो आणि झाडावर चढणे मात्र सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

खरचटणे आणि टाके

नुसते खरचटले असेल तर जखम साबणाच्या पाण्याने धुवून, स्वच्छ पट्टी लावून दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवावे. टाके पडले असतील तर एक-दोन दिवसांनी. गोठा आणि शेणामातीच्या घरात धनुर्वाताची लस कधीही विसरू नये. पाच वर्षांनंतरचा बूस्टर डोस, तसेच दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची लस झाली आहे का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहावे. जखमेत माती गेली असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

शाळेत काय सांगावे?

पहिल्या दिवशी आईने किंवा वडिलांनी स्वतः शाळेत जावे. प्लास्टरचा हात भिंतीकडे येईल अशा जागी मुलाला बसवायला सांगावे, म्हणजे धक्का लागत नाही. मधल्या सुट्टीत ढकलाढकलीपासून त्याला दूर ठेवावे. दुपारच्या जेवणाला डाव्या हाताने चमच्याने खाऊ द्यावे. त्यावरून कुणी हसू नये. शौचालयात जाताना नाडी-बटण कोण सोडवणार, हेही आधीच ठरवावे. पुष्कळ मुले केवळ या लाजेपायी शाळा टाळतात. इलॅस्टिकची चड्डी घातली की निम्मा प्रश्न सुटतो.

दप्तर दुसऱ्या मुलाकडे द्यावे. पावसाळ्यात प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि वर्गात गेल्यावर सोडावी. खाज सुटली म्हणून पट्टी किंवा काडी आत घालू देऊ नये. आत जखम होऊन पू होतो.

प्लास्टर निघाल्यावर

हात बारीक आणि कोरडा दिसतो, सांधा ताठ वाटतो. मुले रोजच्या कामातच तो मोकळा करतात. ओढून वाकवू नये. मात्र नवे हाड अजून कच्चे असते. पुढचा महिना-दीड महिना झाड, सायकल आणि कुस्ती वर्ज्य. वर्गात बसायला मात्र आता कसलीच आडकाठी नाही.

हक्काच्या दोन गोष्टी

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. खंड पडला म्हणून ‘आता पुढच्या वर्षीच आणा’ असे कुणी म्हटले, तर ते ऐकून परत फिरू नये. शिवाय पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. दुखापत मोठी असेल, तर तिचे नियम आणि लागणारे कागद मुख्याध्यापकांना विचारावेत. दवाखान्याचे केसपेपर आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

मातांनो, मुलाला जपायचे ते जपाच. पण पाच-सहा दिवसांनी ते अंगणात एका हाताने विटीदांडू खेळू लागलेले दिसले, म्हणजे ते वर्गात बसण्याजोगे झाले आहे असे समजा. डॉक्टरांना विचारा, झोळी नीट बांधा आणि दुसऱ्या दिवशी त्याला शाळेच्या दारापर्यंत स्वतः पोचवून या.