मोटार वर काढण्याआधी मीटर लावा!

निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणी उरकली की बागेला पाण्याचा खंड परवडत नाही. नेमकी त्याच वेळी मोटार रुसते! हिरवे बटण दाबले तर नुसती घुरघुरते, नाहीतर एकदम गप्प. "वायंडिंग जळालं असेल," कुणीतरी म्हणतो. मग माणसे गोळा करून बोअरमधली मोटार पाइपासकट वर काढायची आणि दुकानात गेल्यावर कळते, मोटार धडधाकट आहे! मजुरी गेली, गाडीभाडे गेले, बागेचे पाणी चुकले ते वेगळेच. हा फटका टाळायचा असेल तर पेटीजवळ एक मल्टिमीटर हवा.

इंग्लंडच्या टपाल खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी यांना व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजायला वेगवेगळी उपकरणे वाहून नेण्याचा कंटाळा आला. त्यांच्या कल्पनेतून १९२३ च्या सुमारास हा 'तीन कामांचा एक मीटर' बाजारात आला. आपल्याला तो परका नाही. मोटवाने कंपनीचे मीटर नाशिकमधूनच देशभर गेले.

टेस्टरवर विसंबू नका

टेस्टरचा दिवा लागला म्हणजे लाइन आहे, एवढेच कळते. किती आहे, ते कळत नाही. शिवाय दोन फेजवर फिरणारी मोटार तिसऱ्या, गेलेल्या फेजवर उलटे व्होल्टेज सोडते आणि टेस्टर तिन्हीकडे लागतो! म्हणून मोटार बंद ठेवूनच आलेली लाइन मोजा.

मीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवा. लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल अशा तीन जोड्या तपासा. तिन्हीत ४०० ते ४१५ च्या आसपास आकडा यावा. एक जोडी बरोबर आणि दोन चुकीच्या आल्या, तर त्या दोन्ही जोड्यांत असलेला फेज गेला असे समजा. लाल-पिवळा ४१० आणि बाकी दोन कमी, म्हणजे निळा फेज नाही. फ्यूज किंवा डीपीकडची लाइन तपासून घ्यायला हवी. मोटारीचा यात काही दोष नाही.

मग मोटार चालवून पुन्हा मोजा. आकडा फार पडला तर जोड ढिले आहेत, केबल बारीक आहे किंवा डीपीवर भार जास्त आहे. कमी व्होल्टेजवर मोटार जादा करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळते.

तुटले कुठे?

लाइन ठीक आहे, पण स्टार्टर ओढत नाही. आता हिरवे बटण दाबून धरायला सांगा आणि कॉइलच्या दोन टोकांवर मीटर लावा. कॉइलवर लिहिलेले व्होल्टेज पुरेपूर मिळूनही ती ओढत नसेल, तर कॉइल गेली किंवा आतला भाग अडकला. व्होल्टेजच नसेल, तर वाटेत कुठेतरी तुटले आहे. लाल बटण, ओव्हरलोड रिले, प्रिव्हेंटर, हिरवे बटण, प्रत्येकाच्या दोन टोकांवर मीटर लावत जा. जुळलेल्या जागी आकडा जवळजवळ शून्य येतो, आणि तुटलेल्या जागी पूर्ण व्होल्टेज दिसते. चोर सापडला!

प्रिव्हेंटरच्या आतली इलेक्ट्रॉनिक पट्टीही याच रीतीने तपासतात. समजा आत १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या बाहेर सुमारे १२ व्होल्ट एसी, चार डायोड आणि कपॅसिटरनंतर सुमारे १५-१६ व्होल्ट डीसी, ७८१२ या आयसीनंतर १२ व्होल्ट डीसी. जिथे आकडा गायब होतो, त्याच्या आसपास बिघाड. रिलेच्या कॉइलला १२ व्होल्ट मिळूनही 'टक्' आवाज येत नसेल, तर रिले बदला. मात्र काही स्वस्त पेट्यांत ट्रान्सफॉर्मरच नसतो. तिथे सगळी पट्टी थेट लाइनवर असते, म्हणून ती कारागिराकडेच द्या.

जीव आधी, पाणी नंतर

लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात, तर थेट शॉर्ट होतो. मीटर हातात फुटू शकतो. चालू लाइनवर ओहम कधीही मोजू नका. पायात कोरडी चप्पल, खाली कोरडी फळी, वायरी न फाटलेल्या हव्यात. ओल्या हाताने पेटी उघडू नका. डीपी आणि खांबाला तर हात लावूच नका. आकडे आपण वाचावेत, दुरुस्ती लाइन बंद करून वायरमनने करावी.

वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण आली, पण "व्होल्टेज नाही" ही ओरड तशीच आहे. लघुदाबाचे व्होल्टेज ठरल्यापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक खाली-वर होऊ नये, हा दंडक १९५६ च्या वीज नियमांपासूनचा. ४१५ धरले तर सुमारे ३९० च्या खाली जाता कामा नये. नुसते "कमी आहे हो" म्हणण्यापेक्षा तारीख, वेळ आणि तिन्ही जोड्यांचे आकडे लिहून तक्रार दिली, तर तिला वजन येते.

आणि एक काम आजच करा. मोटार नीट चालू असताना सगळे आकडे कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. मोटार बिघडेल त्या रात्री तोच कागद सांगेल, कुठला आकडा बदलला.