पडदा, फळा आणि पाणी महाल

काही वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, नळदुर्गच्या परिसरातील एका शाळेत सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ पाहण्याचा योग आला. वर्गात नवा प्रोजेक्टर बसला होता. खिडक्यांवर जुन्या चादरी टाकून काळोख केला होता आणि पडद्यावर कोठल्याशा दूरदेशीच्या प्रचंड धरणाची चित्रफीत चालू होती. चित्रे उत्तम होती. निवेदन हिंदीत होते, तेही भराभर. मुले डोळे विस्फारून पाहत होती. इतक्यात पुढच्या रांगेतील एका मुलाने हात वर करून विचारले, "सर, आपल्या पाणी महालावरनं एवढं पाणी पडतंय, मग आतल्या खोलीत ते का शिरत नाही?" शिक्षकांनी मान डोलावली व चित्रफीत संपल्यावर सांगतो म्हणाले. चित्रफीत संपली, तोच तासही संपला. चादरी निघाल्या आणि खिडकीतून किल्ल्याचा तट दिसू लागला.

त्या शिक्षकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. ते मन लावून शिकवणारे गृहस्थ आहेत आणि वर्गात पडदा लागावा म्हणून गावात वर्गणी मागत फिरले होते. परंतु त्या तासाला जे घडले त्यात वर्गातील तंत्रज्ञानाचा सारा प्रश्न सामावलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बोरी नदीवरचा तो बंधारा इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास बांधला गेला. एका अंगाला नळदुर्गचा कोट, दुसऱ्या अंगाला रणमंडळ, आणि दोहोंना जोडणाऱ्या भिंतीच्या पोटात एक देखणा महाल. नदीला पूर आला की जादा पाणी भिंतीतून काढलेल्या दोन वाटांनी, नर आणि मादी या धबधब्यांच्या रूपाने, पुढे झेपावते. महालाच्या गवाक्षात उभे राहणाऱ्या माणसासमोरून पाणी कोसळत असते आणि त्याच्या पायाखालची फरशी मात्र कोरडी असते. पाण्याचा दाब, सांडव्याची जागा, चुना आणि दगड यांचे नाते, चारशे वर्षांपूर्वीच्या राजवटीची ऐपत, एवढे सगळे शिकवणारे साधन शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुलाचा प्रश्न चित्रफितीहून मोठा होता. चित्रफीत मात्र थांबली नाही.

ती थांबवता आली असती, हे येथे महत्त्वाचे आहे. पूर्वी तशी सोय नव्हती. वाचकांपैकी ज्येष्ठांना 'साइट' या नावाने गाजलेला उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग स्मरत असेल. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. परंतु उमरगा तालुक्याची सीमा ओलांडली की जो गुलबर्गा जिल्हा लागतो, तो होता. तेथील निवडक खेड्यांत सकाळच्या वेळी शाळेच्या मुलांसाठी कन्नडमधून कार्यक्रम येत. प्रयोग धाडसाचा होता. त्या काळी तर तो जगात अपूर्व होता. तथापि कार्यक्रम दूरच्या केंद्रावरून ठरल्या वेळी येणार, ठरल्या वेळी संपणार, आणि मध्ये एखाद्या मुलाने शंका विचारली तर शिक्षकाने तिला गप्प बसवण्यावाचून गत्यंतर नाही, अशी त्याची रचनाच होती. यंत्र बोलणार आणि वर्ग ऐकणार!

आज ती अडचण उरलेली नाही. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते, तिचा आवाज बंद करून शिक्षकाला स्वतःच्या शब्दांत बोलता येते. नव्या साधनांचा सर्वांत मोठा लाभ कोणता, असे कोणी विचारले तर रंग नव्हे, वेग नव्हे, माहितीचा साठाही नव्हे, तर थांबण्याची ही मुभा, असे उत्तर द्यावे लागेल. पण कोठे थांबायचे हे कळण्यासाठी शिक्षकाने ती चित्रफीत आधी एकदा पाहिलेली असली पाहिजे, शक्यतो दोनदा. आणि त्यासाठी लागतो वेळ.

पाश्चात्त्य देशांतून आलेली एक समजूत अशी की मुलाच्या हाती यंत्र दिले म्हणजे पुढचे ते आपण होऊन शिकते. प्रत्येक मुलाला एक छोटा संगणक देण्याच्या जागतिक योजनेचा आपल्या देशातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत झाला होता. पेरू देशाने तर त्याच योजनेखाली लाखोंच्या संख्येने संगणक वाटले. तेथे पुढे शास्त्रीय पाहणी झाली, तेव्हा गणितात किंवा वाचनात मुलांची म्हणण्यासारखी प्रगती आढळली नाही. संगणक घरोघर पोहोचले, पण त्यांच्याकडून काय शिकून घ्यायचे याची शिक्षकांची तयारी मात्र तितकी झाली नव्हती.

याउलट उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांतील धड्यांना क्यूआर कोडच्या चौकोनी खुणा जोडल्या. खूण मोबाइलसमोर धरली की त्या धड्याची ध्वनिफीत, चित्रफीत, गोष्ट किंवा स्वाध्याय समोर यावा, अशी ती योजना. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांतील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या ९ शिक्षकांना वाटून देण्याचे त्यांनी तेथल्या तेथे सांगितले. वृत्तपत्रांनी त्या रकमेवर रकाने भरले. खरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी होती. त्या खुणांमागचे साहित्य आपल्या वर्गातील कोणते मूल कोठे अडते हे ठाऊक असलेल्या माणसाने जमवलेले होते.

पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर अशा खुणा सरसकट छापल्या गेल्या आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय व्यासपीठाशी त्या जोडल्या गेल्या. हे चांगलेच झाले. तथापि एका शिक्षकाची युक्ती लाखो पुस्तकांवर छापली जाते, तेव्हा छापली जाते ती खूण; युक्तीमागचे परिश्रम छापता येत नाहीत. आज कित्येक वर्गांत त्या चौकोनाकडे मुले पुस्तकाच्या किमतीकडे पाहावे तशी पाहतात.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आमच्या आधीच्या पिढीने माध्यमिक शाळेत भूमिती आणि विज्ञान उर्दूतून शिकले. घरी मराठी, वर्गात उर्दू. त्यांच्यातले जे हुशार होते ते तरले, बाकीचे पाठांतर करून सुटले किंवा शाळाच सोडून गेले. आज पडद्यावरचे निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत चालू असते, तेव्हा त्या जुन्या वर्गांची आठवण होते. चांगले साहित्य मराठीत मुळीच नाही असे नाही, पण ते विखुरलेले आहे, आणि जे होते ते जपण्याची आपल्याला फारशी सवय नाही. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम काढणारी ती सरकारी संस्था. तिने हजारो कार्यक्रम तयार केले. दूरदर्शनवर ते पाहत एक पिढी वाढली. मग निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्था बंद करण्यात आली. ज्या वर्षी 'दीक्षा' सुरू झाली त्याच वर्षी मराठीची ही जुनी शाळा मिटली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

टाळेबंदीच्या काळात या साऱ्याची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले, म्हणजे ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांच्यापुरते गेले. मोबाइल वडिलांचा, आणि वडील दिवसभर शेतात किंवा कामावर. सोलापूरच्या नीलमनगर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत तेथील एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी यावर जो तोडगा काढला तो कोणत्याही संगणकतज्ज्ञाला सुचला नसता. त्यांनी सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुळाक्षरे, पाढे, व्याकरण, भूमितीच्या आकृत्या भिंतीवर आल्या. मुले अंतर राखून गल्लीत उभी राहत आणि भिंत वाचत. हेही तंत्रज्ञानच होय. त्याला वीज लागत नव्हती आणि त्याचे मासिक शुल्कही नव्हते. विजेचा उल्लेख उगाच केला नाही. बिल थकले म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या या पानाच्या वाचकांनी अनेकदा वाचल्या असतील. प्रोजेक्टरला देणगीदार मिळतो. बिलाला मिळत नाही.

तेव्हापासून मोबाइल घरोघर पोहोचला आहे हे खरे. 'असर' या पाहणीने २०२४ मध्ये देशभरच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. मागील आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी काही उपयोग केला असे सांगणारी मुले ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी केला असे सांगणारी ७६ टक्के. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःच्या मालकीचा फोन असणारे मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. घरच्या अभ्यासासाठी चित्रफीत पाहून या, असे सांगताना वर्गातील कोणाला ते जमणार नाही हे या आकड्यांवरून शिक्षकाच्या ध्यानात यावे. सहसा ती मुलगी असते.

आणि शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलचे काय? तो दिवसभर कामात असतो, पण कोणत्या? पोषण आहार घेतलेल्या मुलांची संख्या रोज भरायची, 'सरल'वर नोंदी करायच्या, यू-डायसची माहिती द्यायची, कार्यक्रमाचे छायाचित्र गटात टाकायचे, तातडीचा तक्ता दुपारी बाराच्या आत पाठवायचा. आमच्या शाळांत तंत्रज्ञानाचा सर्वांत नियमित उपयोग मुलांना शिकवण्यासाठी नव्हे, तर वरच्या कार्यालयांना माहिती पुरवण्यासाठी होतो, हे कटू असले तरी सत्य आहे. कारकुनी हलक्या दर्जाचे काम आहे असे मुळीच नाही. पण ती करण्यासाठी शाळेत कारकून असावा लागतो, आणि प्राथमिक शाळेला तो नसतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यांत अध्यापनाबरोबर पूर्वतयारीचेही तास धरावेत असे स्पष्ट लिहिले आहे. पूर्वतयारी हा शब्द कायद्यात आहे; शाळांच्या वेळापत्रकात तो शोधून पाहावा. आठवड्याचे चार तास प्रत्येक शिक्षकाच्या नावावर या कामासाठी लिहिले गेले, त्या वेळेत कोणताही तक्ता मागवायचा नाही असा दंडक घातला गेला, तर नव्या एकाही यंत्राची खरेदी न करता अध्यापनात फरक पडेल. कोणता भाग पडद्यावर दाखवायचा आणि कोणत्या भागासाठी मुलांना बाहेर न्यायचे, ही निवड त्या चार तासांत होते. हृदयाचे ठोके, ज्वालामुखी, हिमनदी, पेशीचे विभाजन हे पडद्यावर दाखवावे, कारण ते नळदुर्गात दिसत नाही. बंधारा दिसतो.

यंत्रे थोडी आहेत, ही सबबही फारशी टिकणारी नाही. आमच्याकडे खंडोबाची एकच मूर्ती वर्षातील बराच काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गच्या मैलारपुरात असते. नेण्या-आणण्याचा लेखी करार होतो, आणि दोन्ही गावांची यात्रा सुखाने पार पडते. देवाची वाटणी ज्यांना करता येते त्यांना एका केंद्रातील शाळांमध्ये एक प्रोजेक्टर आणि एक चांगला संच फिरवता येऊ नये, असे कसे म्हणावे? मात्र त्याबरोबर तो वापरायला सवडीचा शिक्षकही लागेल, एवढेच.

त्या पहिल्या प्रसंगातील शिक्षक पुढे भेटले. मुलाचा प्रश्न त्यांच्याही मनात राहिला होता. एका रविवारी सात-आठ मुलांना घेऊन ते किल्ल्यावर गेले, पाणी महालात उतरले आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्याच मुलाला त्यांनी उत्तर शोधायला लावले. पाणी भिंतीच्या कोठून शिरते, कोठून पडते आणि खोली कोरडी का राहते, हे त्या पोराने आपल्या बोलीत, हातवारे करीत सांगितले. चार मिनिटांची ती चित्रफीत शिक्षकांनी मोबाइलवर टिपली. शिक्षकांनी स्वतःचे साहित्य द्यावे यासाठी 'दीक्षा'वर २०२० पासून 'विद्यादान' नावाची सोय आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यासाठी आवाज थोडा सुधारायचा होता, धड्याचा संदर्भ जोडायचा होता, दोन ओळींचे टिपण लिहायचे होते. मी विचारले, मग पाठवली का? ते म्हणाले, मध्ये निवडणुकीचे काम निघाले, मग सहामाही परीक्षा, मग सर्वेक्षण. चित्रफीत अजून त्यांच्या मोबाइलमध्येच आहे; जागा कमी पडते म्हणून पोषण आहाराची जुनी छायाचित्रे पुसून त्यांनी ती राखली आहे.