घड्याळाशेजारची ढाल

माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईहून येणारा रस्ता दुभंगतो. एक फाटा घोडबंदरकडे जातो, दुसरा नाशिककडे. नवख्या माणसाची नजर पाटीवरून क्षणभर हलली, की घोडबंदरला निघालेली स्वारी साकेतच्या पुलावरून भिवंडीच्या वाटेला लागते. आम्ही इथले रहिवासी पाटीकडे न बघताच वळतो, कारण ती आम्ही एकदा नीट वाचून ठेवली आहे. घरातल्या संगणकाच्या पडद्याचंही तसंच आहे. तिथला सगळा कारभार पाट्यांचा, म्हणजे चित्रांचा. पण ती चित्रं नीट वाचून ठेवलेली घरं फार थोडी. संगणकात विषाणू सोडणाऱ्यांना, आणि हल्ली विषाणूची नुसती भीती घालून लुबाडणाऱ्यांना, हेच तर हवं असतं.

आमच्या संकुलात 'यांना संगणकातलं कळतं' अशी माझी ख्याती आहे. त्यामुळं रविवारची सकाळ बहुधा कुणाच्या ना कुणाच्या संगणकापुढं जाते. त्या अनुभवावरून सांगतो, 'आमच्याकडे अँटिव्हायरस आहे' असं म्हणणारे घरोघरी भेटतात. 'तो काय म्हणतोय?' असं विचारलं, की मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागतात.

काळा पडदा, पांढरी अक्षरं

ज्यांनी 'डॉस'चा जमाना पाहिला, त्यांना तो काळा पडदा आठवत असेल. चित्र नाही, माऊस नाही; जे करायचं ते अक्षरं टंकून. त्या वेळी विषाणू फ्लॉपीतून यायचे. १९८६ साली लाहोरच्या दोघा अल्वी बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा अशा पहिल्या विषाणूंपैकी एक. १९९०मध्ये आपल्याकडे भारतात सापडला तो चक्क 'जोशी'! दर ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टंकायला लावी. शुभेच्छा दिल्याशिवाय सुटका नसे. हे जोशी कोण, हे कोडं काही सुटलं नाही, पण निदान त्यांनी कुणाच्या बँकेच्या खात्यात हात घातला नव्हता.

या विषाणूंवरचं औषध मराठी माणसाच्या दुकानातही तयार झालं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढं त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' बाजारात आलं. २००७मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं आणि २०१६मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली.

खिडक्या उघडल्या

२४ ऑगस्ट १९९५ला 'विंडोज ९५' आलं आणि काळ्या पडद्याच्या जागी चित्रांचा बाजार भरला. अँटिव्हायरसलाही रूप मिळालं. टिचकी मारली की तपासणी सुरू, सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल फुली. लिनक्सवरचा 'क्लॅमएव्ही' मुळात आज्ञा टंकून चालणारा. त्यालाही सामान्य माणसासाठी 'क्लॅमटीके' नावाची खिडकी कुणीतरी बसवली. आजी-आजोबांनी माऊस हातात धरला तो या चित्रांच्या जोरावरच. हा उपकार लहान नाही.

पण चित्र जितकं दाखवतं, तितकंच लपवतंही. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूनं जगभर धुमाकूळ घातला. पत्रासोबत येणाऱ्या फाइलीच्या नावात 'टीएक्सटी', म्हणजे साध्या मजकुराची खूण होती. त्यापुढं आणखी एक खूण होती, 'व्हीबीएस'. ही चालत्या प्रोग्रॅमची. विंडोज मात्र ओळखीच्या फाइलींची शेवटची खूण आपणहून झाकून ठेवतं. लोकांना दिसलं ते प्रेमपत्र. त्यांनी उघडला तो विषाणू.

पुढं पेनड्राइव्ह आले. झेरॉक्सच्या दुकानात एक पान छापून आणावं आणि घरी येऊन बघावं, तर सगळे फोल्डर जागच्या जागी. फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण. खरे फोल्डर दडवून विषाणूनं त्यांच्या नावाची सोंगं मांडलेली असत. बाणाकडे लक्ष गेलं तो वाचला, टिचकी मारली तो फसला.

लाल पडदा

गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "अहो, जरा वर येता का? संगणक बोंबलतोय." गेलो तर संगणक बंद आणि त्याची वायर काकूंच्या हातात. काका बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा परदेशी. वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांचा पडदा अचानक लाल झाला होता. भोंगा वाजू लागला, ढालीचं चित्र आलं आणि खाली सूचना, 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा.' काकांनी फोन केला. पलीकडच्या माणसानं अगदी अदबीनं एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला आणि माऊसचा बाण आपोआप फिरू लागला. मग त्यानं बँकेची साइट उघडायला सांगितली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. "विषाणू संगणकात आहे ना? मग हा बँकेत कशाला जातोय?" असं म्हणून त्यांनी भिंतीतली पिनच उपटली.

निवृत्तीची सगळी पुंजी त्या एका प्रश्नानं वाचली. काकांच्या संगणकात अँटिव्हायरस होता, चालूही होता. पण दार आतून आपणच उघडल्यावर पहारेकऱ्यानं काय करावं? लाल पडदा हा विषाणू नव्हताच, ते एक वेबपान होतं. आपल्याला ढालीच्या चित्राबद्दल वाटणारा विश्वास, तेवढाच त्यांनी चोरला होता. भीती घालून पैसे काढण्याचा हा धंदा आपल्याला परका नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथून अमेरिकेतल्या लोकांना करवसुलीची धमकी देऊन लुटलं जात असल्याचं उघड झालं. नाव विषाणूचं घ्या की कराचं, रीत तीच.

ढाल कशी वाचावी?

म्हणून खरी ढाल ओळखीची हवी. विंडोजमध्ये ती उजवीकडे खाली, घड्याळाच्या शेजारी असते. दिसली नाही तर तिथल्याच बारीक बाणावर टिचकी मारावी. हिरवी खूण असेल तर ठीक, पिवळा त्रिकोण किंवा लाल फुली असेल तर ती उघडून काय म्हणते ते वाचावं. २०१२च्या 'विंडोज ८'पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस आतच येतो. विकतचा घातला तर एकच घालावा. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात.

ढालीच्या आत शेवटची 'अपडेट' कधी झाली ती तारीख बघावी. जुन्या यादीवर पहारा देणाऱ्याला नवा चोर कसा ओळखू येणार? 'क्वारंटाइन' हा शब्द कोविडनं घरोघरी पोचवलाच आहे. इथंही अर्थ तोच. संशयित फाइल मारलेली नसते, वेगळी ठेवलेली असते. चुकून चांगली फाइल अडकली, तर सोडवता येते. फाइलींची झाकलेली शेवटची खूण दिसेल अशी व्यवस्थाही विंडोजच्या 'व्ह्यू' यादीत आहे. 'विंडोज १०'ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि लाल पडदा आलाच, तर? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो, एवढी एक गोष्ट पक्की धरा. 'एस्केप' दाबून ठेवा, नाहीतर 'आल्ट' आणि 'एफ ४' एकदम दाबा. तेही जमलं नाही, तर काकूंचा उपाय आहेच. पैसे गेले असतील, तर एक क्षण न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा.

घोडबंदर रस्त्याच्या या उंच इमारतींतून हल्ली कितीतरी घरांत दोघंच ज्येष्ठ राहतात. त्यांच्यासाठी संगणक म्हणजे नातवंडांचा चेहरा, बँक आणि वर्तमानपत्र. मुलं सुटीत येतात, नवा अँटिव्हायरस घालून देतात आणि विमान गाठतात. त्याऐवजी अर्धा तास शेजारी बसावं आणि माऊस आई-बाबांच्याच हातात ठेवावा. ढाल त्यांनाच शोधू द्यावी, त्यांनाच उघडू द्यावी, तारीख त्यांनाच वाचू द्यावी. खरी ढाल एकदा हाताळलेल्या माणसापुढं खोटी फार वेळ टिकत नाही.