महमूद अब्दुल रऊफ : डेन्व्हर ते क्योटो

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो नावाचा एक प्रकार असतो. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला की खेळाडूला बास्केटच्या फळीपासून १५ फुटांवरच्या रेषेवर उभे करतात आणि चेंडू त्याच्या हातात देतात. समोर अडवणारा कोणी नसतो. चेंडू टाकायचा, एक गुण घ्यायचा. ऐकायला सोपे आहे, पण अमेरिकेच्या एनबीए या जगातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्येही साधारण चारांतला एक फ्री थ्रो चुकतो. १९९३-९४ च्या हंगामात डेन्व्हर नगेट्स संघाच्या एका खेळाडूने असे २२९ फ्री थ्रो घेतले आणि त्यांतले २१९ बास्केटमध्ये घातले. अख्ख्या हंगामात चुकले ते फक्त १०. त्यांतला एक जरी आत गेला असता तरी त्या वेळचा विक्रम मोडला असता.

या खेळाडूचे नाव महमूद अब्दुल रऊफ. चारच वर्षांनी, वयाच्या २९ व्या वर्षी, एनबीएत त्यांना खेळायला संघ नव्हता. पुढे तुर्कस्तान, रशिया, इटली, ग्रीस, सौदी अरेबिया आणि जपान अशा सहा देशांत ते खेळले. अमेरिकेतले शेकडो खेळाडू दरवर्षी परदेशांत खेळायला जातात. बहुतेक जण एनबीएत जागा मिळाली नाही म्हणून जातात. महमूद यांना ती मिळालेली होती. मग ते का गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

त्यांचा जन्म ९ मार्च १९६९ चा, मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट या समुद्रकाठच्या गावातला. तेव्हाचे नाव ख्रिस जॅक्सन. वडील कोण हे मुलाला ठाऊक नव्हते. आईने एकटीने तीन मुलगे वाढवले. घरात गरिबी इतकी की कधी कधी जेवणाचीही भ्रांत. त्यात या मुलाला एक विचित्र त्रास होता. मान अचानक झटकायची, डोळे मिचकावले जायचे, तोंडातून आवाज निघायचे. बुटाची नाडी बांधली की ती बरोबर बसली नाही असे वाटून पुन्हा सोडायची, पुन्हा बांधायची, कितीतरी वेळा. शाळेने काय केले? मतिमंद मुलांसारखा शिक्का मारून वेगळ्या वर्गात बसवले. हा आजार आहे आणि त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मुलगा १७ वर्षांचा झाला होता.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण हा प्रश्न गल्फपोर्टचा एकट्याचा नाही. टुरेटमध्ये मेंदूकडून शरीराला नको ते आदेश जातात. मूल मुद्दाम काही करत नाही. काही क्षण ते रोखू शकते, पण रोखलेली शिंक जशी शेवटी येतेच तसे हे झटके येतात. रागावले, हसले, चिडवले की ते वाढतात. बुद्धीशी याचा संबंध नाही. वर्गात सतत खाकरणारा, खांदा उडवणारा मुलगा आम्हा शिक्षकांना वात्रट वाटतो आणि त्याला बाकावर उभे केले जाते. घरी त्याच मुलाला नजर लागली म्हणतात, दम करून आणतात, गळ्यात ताबीज बांधतात. दुआ जरूर करावी. पण दुआ मागून झाल्यावर मेंदूविकाराच्या डॉक्टरकडे न्यायला काय हरकत आहे? निदान झाले की निम्मे ओझे तिथेच उतरते. आपण वेडे नाही, वाईटही नाही, हे मुलाला कळते.

ख्रिसने आपल्या त्रासाला मैदानावर कामाला लावले. नाडीच्या बाबतीत जो हट्ट होता तोच चेंडूच्या बाबतीत. चेंडू बास्केटमध्ये नुसता जाऊन चालत नसे. कडीला न लागता, जाळीचा तो ठरावीक आवाज करत गेला पाहिजे, आणि असे ओळीने दहा वेळा झाल्याशिवाय सराव संपत नसे. नववा चेंडू मनासारखा गेला नाही तर पुन्हा एकपासून. मुलगा रडकुंडीला यायचा, पण घरी जाता येत नसे. सहा फूट एक इंच उंची, म्हणजे या खेळात बुटकाच. पण लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी, १९८८-८९ मध्ये, त्याने सामन्यामागे सरासरी ३०.२ गुण काढले. १९९० मध्ये एनबीएच्या निवडीत तो तिसऱ्या क्रमांकावर उचलला गेला आणि डेन्व्हरला आला.

विद्यापीठातले प्रशिक्षक डेल ब्राउन यांनी त्याला माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र वाचायला दिले होते. प्रशिक्षक स्वतः मुसलमान नव्हते, पोराने काही वाचावे इतकाच हेतू. त्या पुस्तकातून वाट निघाली ती कुरआनपर्यंत. १९९१ मध्ये ख्रिस जॅक्सन यांनी इस्लाम स्वीकारला आणि १९९३ मध्ये कायदेशीररीत्या नाव बदलले. महमूद म्हणजे प्रशंसनीय. अर-रऊफ हे अल्लाहच्या नावांपैकी एक, अत्यंत दयाळू. अब्द वगळून नुसते 'रऊफ' लिहिणे आम्हाला रुचत नाही, म्हणून इथे महमूदच म्हणतो.

नाव बदलले तसा खेळही बहरला. १९९३ मध्ये सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू म्हणून लीगने त्यांना गौरवले. डिसेंबर १९९५ मध्ये युटा जॅझविरुद्ध त्यांनी एका सामन्यात ५१ गुण केले. ४ फेब्रुवारी १९९६ ला मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सला डेन्व्हरने हरवले, त्यात महमूद यांचे ३२ गुण होते. शिकागोचा तो संघ त्या हंगामात ८२ पैकी फक्त १० सामने हरला; डेन्व्हरचा हा विजय त्या दहांतला. आणि तो महिना रमजानचा होता. हंगाम चालू असला तरी महमूद रोजे ठेवत असत, हे त्यांचे सगळे सहकारी जाणत होते.

मग मार्च उजाडला.

अमेरिकेत प्रत्येक सामन्याआधी राष्ट्रगीत होते. लीगचा नियम असा की खेळाडूंनी त्या वेळी रांगेत अदबीने उभे राहायचे. महमूद त्या हंगामात कधी आत ड्रेसिंग रूममध्ये थांबत, कधी बाजूला शरीर मोकळे करत बसत. कितीतरी महिने कोणाच्या लक्षात आले नाही. मग एका पत्रकाराने विचारले आणि त्यांनी सरळ सांगितले: तो झेंडा काहींना स्वातंत्र्याचे प्रतीक वाटत असेल, पण जुलमाचेही ते प्रतीक आहे, आणि आपल्या श्रद्धेनुसार आपण अल्लाहशिवाय कशापुढेही झुकू शकत नाही. १२ मार्च १९९६ ला लीगने त्यांना बिनपगारी निलंबित केले. वर्षाचा पगार २६ लाख डॉलर, सामने ८२. भागाकार करून एका सामन्याचे ३१,७०७ डॉलर कापले गेले.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. या प्रश्नावर मुसलमानांचे एकमत नव्हते. ह्यूस्टन रॉकेट्सचे हकीम ओलाजुवॉन हे त्याच लीगमधले नायजेरियात जन्मलेले, नमाज-रोजा पाळणारे मोठे खेळाडू. ज्या देशात राहतो तिथल्या कायद्याचा आदर करणे हीच मुसलमानाला इस्लामची शिकवण आहे, असे त्यांनी उघड सांगितले. आमचेही मत त्याच बाजूचे आहे. रोज सकाळी परिपाठाला शेकडो मुलांसोबत आम्ही 'जन गण मन'ला सावधान उभे राहतो. आदर आणि इबादत यांतला फरक पहिलीच्या मुलालाही समजावता येतो. पण महमूद ज्या समाजातून आले त्याचा त्या झेंड्याशी असलेला इतिहास गुलामगिरीचा आणि वर्णभेदाचा आहे. त्यांचा निर्णय आमचा नाही म्हणून त्यांनी तो कशासाठी घेतला हे समजून घ्यायचेच नाही, असे होऊ नये.

दोन दिवसांत तोडगा निघाला. महमूद उभे राहतील, पण त्या वेळात दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून दुआ करतील, जगातल्या पीडितांसाठी. १५ मार्चला शिकागोत ते तसेच उभे राहिले आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कागदावर प्रकरण मिटले होते. लोकांच्या मनातून ते गेले नाही. डेन्व्हरमधल्या एका रेडिओ केंद्राची माणसे वाद्ये घेऊन तिथल्या मशिदीत शिरली आणि आत राष्ट्रगीत वाजवून आली. एका माणसाच्या निर्णयाचा जाब त्या शहरातल्या नमाजींना द्यावा लागला. हे वाचताना आपल्याला फारसे नवल वाटत नाही.

हंगाम संपताच संघाने आपल्या सर्वाधिक गुण काढणाऱ्या खेळाडूंपैकी एकाला सॅक्रामेंटोला देऊन टाकले. तिथे दुसऱ्या वर्षी ते जेमतेम ३१ सामने खेळले. १९९८ मध्ये करार संपला आणि पुढे कोणाचा फोन आला नाही. खेळाडूला बाहेर काढताना कारण कोणी लेखी देत नसते. आपण नकोसे झालो, हे ज्याचे त्याला कळते.

इथून सुरू होतात परदेशातली वर्षे. आखातात करारावर गेलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांना हे आयुष्य लवकर समजेल. युरोपातले क्लब बहुधा एका हंगामाचा करार करतात. परदेशी खेळाडू किती घ्यायचे यावर मर्यादा असते, त्यामुळे घेतलेल्या प्रत्येकाकडून गुणांची वसुली हवी असते. चार सामने वाईट गेले की परतीचे तिकीट. भाषा येत नाही, जेवण वेगळे, हलाल मिळेलच असे नाही. खेळही थोडा निराळा. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा आणि आठवड्यात तीन-चार. बाहेर ४० मिनिटांचा आणि आठवड्यात एखाद-दुसरा. उरलेल्या दिवसांत माणूस, त्याची खोली आणि सराव.

पहिला मुक्काम इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबमध्ये. मुसलमानांचा देश, मशिदींचे शहर, पण तिथे ते फार काळ रमले नाहीत आणि १९९९ मध्ये खेळणेच थांबवले. २०००-०१ मध्ये एनबीएच्या व्हँकुव्हर संघाने एक संधी दिली. ४१ सामने, तेही बहुतेक राखीव म्हणून. त्याच २००१ मध्ये मिसिसिपीतले त्यांचे घर जाळले गेले. घर रिकामे होते, हे अल्लाहचे उपकार. आधी तिथे 'के.के.के.' ही अक्षरे रंगवलेली सापडली होती. काळ्या लोकांना जाळणाऱ्या, फाशी देणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या टोळीची ती आद्याक्षरे.

या टप्प्यावर कोणीही खेळ सोडला असता तर नवल नव्हते. महमूद ३४ व्या वर्षी रशियातल्या पर्म शहरात गेले. उरल पर्वताजवळचे, कामा नदीवरचे हे शहर हिवाळ्यात गोठून जाते. पण तातार मुसलमानांची तिथे जुनी वस्ती आहे आणि शंभर वर्षांहून जुनी मशीदही. पुढच्या हंगामात इटली, रोझेतो नावाचे समुद्रकाठचे छोटेसे गाव. एवढ्याशा गावाचा संघ देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळत होता. २००६-०७ मध्ये ग्रीसमधला थेस्सालोनिकीचा आरिस क्लब. त्यानंतर जेद्दाहचा अल-इत्तिहाद, जिथून मक्का गाडीने तास-सव्वा तासावर. आणि शेवटी २००९ मध्ये जपानचे क्योटो, बौद्ध मंदिरांचे शहर. तिथला हान्नारीज हा संघ त्याच वर्षी पहिल्यांदा मैदानात उतरत होता. नवा संघ, आणि त्यात ४० वर्षांचा खेळाडू! महमूद तिथे २०११ पर्यंत खेळले. या वयाला बहुतेक बास्केटबॉलपटूंचे गुडघे कधीच निवृत्त झालेले असतात.

या वर्षांत त्यांना पूर्वीचा पैसा मिळाला नाही, प्रसिद्धी तर नाहीच. दूरदर्शन संचावर त्यांना पाहणारी अमेरिका त्यांना विसरून गेली. इस्लामने आपल्याला शिस्त आणि शांतता दिली, असे ते वारंवार सांगत आले आहेत. पाच वेळची नमाज पर्ममध्ये पाचच आणि क्योटोतही पाचच. बाकी सगळे दर हंगामाला बदलत होते. टुरेटचे झटके तेवढे सोबत होते, ते आजही आहेत.

२०१६ मध्ये कॉलिन केपर्निक या फुटबॉलपटूने राष्ट्रगीताच्या वेळी बसून आणि मग गुडघा टेकून निषेध केला, तेव्हा लोकांना वीस वर्षांपूर्वीचे महमूद आठवले. त्याच वर्षी नामवंत प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी स्टीफन करीचा खेळ पाहून महमूद यांच्याशी तुलना केली, आणि नव्या पिढीने जुन्या चित्रफिती शोधून काढल्या. २०१७ मध्ये 'बिग थ्री' ही तीन-तीन खेळाडूंची स्पर्धा सुरू झाली, तिच्यात ते ४८ व्या वर्षी उतरले. २०२० मध्ये त्यांच्या विद्यापीठाने त्यांचा ३५ क्रमांक कायमचा राखून ठेवला. २०२२ मध्ये त्यांचे 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' हे आत्मचरित्र आले आणि पुढच्या वर्षी 'स्टँड' हा माहितीपट. पुस्तकाचे इंग्रजी सोपे आहे. अकरावी-बारावीच्या मुलामुलींना ते वाचता येईल, आणि घरात डोळे मिचकावणारे, नाडी पुन्हा पुन्हा बांधणारे मूल असेल तर आई-वडिलांनी ते आधी वाचावे.