भाव वाढला की मन का बिथरतं?

हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बर्फ उपसायचं १५ डॉलरचं फावडं २० डॉलरला लावलं, तर ते योग्य का? डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी कॅनडात फोनवरून लोकांना हा प्रश्न विचारला. १९८६ साली निष्कर्ष छापून आले: ८२ टक्के लोकांना ही दरवाढ अन्याय्य वाटली.

अर्थशास्त्र म्हणतं, भाव चढला की उरलेली फावडी जास्त निकड असलेल्यांकडे जातात, नवा मालही लवकर येतो. हिशेब बराचसा बरोबर आहे. पण आपलं मन परिणामाआधी हेतू तोलतं. अडलेल्याकडून पाच डॉलर जादा घेणारा माणूस समोर दिसतो. उलट, बाजारामुळे स्वस्त झालेल्या कापडामागे, फोनमागे कुणाचा चेहरा नसतो. फायदा हळूहळू, सगळ्यांत वाटून येतो आणि अंगवळणी पडतो. गिरणीला टाळं लागतं ते मात्र एका दिवसात, आणि घाव बसतो तो ठरावीक घरांवर. म्हणून राग बाजारावर साचतो.

भांडवलशाहीला तिचं यशच भोवेल, असं अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पेटर यांनी १९४२मध्येच लिहिलं होतं. तरी लोकांच्या या रागाला अडाणीपणा म्हणणं मला साफ चूक वाटतं. न्यायाची ही जाणीव नसती, तर शब्दावर आणि उधारीवर चालणारा बाजार उभाच राहिला नसता.