तेलाच्या पापुद्र्याची साक्ष

मोटारीच्या धुराड्यातून निळसर धूर येऊ लागला म्हणजे ‘गाडी ऑइल पितेय, रिंगा गेल्या’ असा निकाल अनुभवी मिस्त्री उभ्या उभ्या देतो आणि तो बहुधा खराही ठरतो. परंतु ज्या तेलाच्या पापुद्र्याने त्या रिंगांना वर्षानुवर्षे सांभाळले, तो किती जाड असतो आणि अखंड असतो की फाटका, हे निश्चित करण्यासाठी शास्त्रज्ञांना फार मोठी खटपट करावी लागली आहे.

इंग्लंडातील रेल्वे-अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५२ साली आपोआप फाकणारी, धातूची चिरलेली कडी पिस्टनवर बसविली. वायूला अडविणे, पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे पोहोचविणे आणि भिंतीवर तेल बेताने राखणे, असा तिहेरी कारभार आज या रिंगांकडे आहे. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबून उलट फिरतो. मधल्या वाटेवर वेग भरात असताना रिंग आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) यांच्यामध्ये काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही सहस्रांश, एवढेच तेल असते, आणि दोन्ही टोकांशी ते पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही पातळ होते.

एवढे क्षीण तेल एवढा भार पेलते कसे, याचा उलगडा आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगने केला. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर त्यावर प्रयोग करीत असता, तेल सोडण्यासाठी पाडलेल्या छिद्रातूनच तेल उसळू लागले. छिद्रात ठोकलेली लाकडी खुंटीही त्याने बाहेर लोटली. या नवलाची गणिती मीमांसा ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली केली: निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत हलता पृष्ठभाग तेल ओढून नेतो, तेथे दाब चढतो आणि त्या दाबावर भार तरंगतो.

रिंगेचा पृष्ठभाग याच कारणासाठी किंचित फुगीर ठेवतात. परंतु फुगीरपणाला दोन उतार असतात. पुढच्या उतारावर फट निमुळती होऊन दाब चढतो, तर मागच्या उतारावर ती रुंदावून दाब घसरतो. तेलाला ताण फारसा सोसत नाही, आणि सामान्य खनिज तेलात त्याच्या आकारमानाच्या सुमारे दशांश हवा विरघळलेली असते. दाब उतरताच ती मुक्त होते, पापुद्रा फाटतो आणि त्यात पोकळ्या पडतात. पी. डेलिस आणि सी. आर्कूमानिस यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पारदर्शक लायनरमधून या पोकळ्या प्रत्यक्ष न्याहाळल्या: काही नेच्याच्या पानांसारख्या, काही चिरांसारख्या, तर काही लांब तंतूंसारख्या.

जाडीच्या मोजमापातील खरी अडचण येथेच उभी राहते. एका पद्धतीत लायनरमध्ये बसविलेला संवेदक आणि समोरून जाणारी रिंग यांच्यामधील विद्युत्-धारिता मोजतात. फट जितकी अरुंद, तितकी धारिता अधिक. मात्र तेलाचा विद्युत्-गुणांक हवेच्या दुपटीहून किंचित अधिक असल्यामुळे, फटीत पोकळ्या असूनही ती तेलाने भरलेली आहे असे धरून हिशेब केला, तर पापुद्रा आहे त्याहून जाड भासतो. दुसऱ्या पद्धतीत लेसरचा किरण सोडून तेलातील रंजकद्रव्याची प्रतिदीप्ती मोजतात. तेथे केवळ तेलच चकाकते, म्हणून पोकळ्यांच्या जागी फट आहे त्याहून अरुंद वाटते. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध दिशांना चुकतात, आणि त्यांच्या जबान्यांतील ही तफावत हाच तेल फाटल्याचा मोलाचा पुरावा ठरतो. त्याची खातरजमा पारदर्शक लायनरमागचा कॅमेरा करतो.

ही काटेकोर पडताळणी अनाठायी नव्हे. पापुद्रा जरुरीपेक्षा जाड राहिला तर तेल वर जाऊन जळते, पातळ पडला तर धातूला धातू घासतो. आणि पिस्टन उलटताच मागचा उतार पुढचा होत असल्याने, क्षणापूर्वी पोकळ्या पडलेल्या तेलावरच रिंगेला नव्याने आधार शोधावा लागतो. रिंगेची फुगवटी आणि तेलाचा दाटपणा ठरविणाऱ्याला म्हणूनच जाडीचा आकडा पोकळ्यांच्या तपशिलासह हवा असतो. फार चाललेले इंजिन उघडून मिस्त्री बोअरच्या वरच्या अंगाला नख फिरवितो, तेव्हा जेथे पहिली रिंग थांबून मागे वळते तेथेच त्याच्या नखाला एक बारीक पायरी लागते. उष्णता, दाब आणि विरळ तेल या तिघांनी मिळून ती खोदलेली असते.