सिस्टर पास झाल्या, पण रांग हलेना!

दोस्तांनो, एस्टीच्या खिडकीपाशी जो आधी आला त्याला आधी तिकीट, हा साधा हिशेब. पण समजा, खिडकीतल्या साहेबांनी 'तुमचा जन्म कुठल्या गावचा?' असं विचारून प्रत्येक गावाची निराळी रांग लावली तर? अमेरिकेत नर्सिंग शिकून तिथेच नोकरी करू पाहणाऱ्या भारतीय मुलींवर (आणि मुलांवरही, नर्सिंग काही फक्त मुलींचं क्षेत्र नाही) अशीच वेळ येते.

समजा, सांगलीची एक वैशाली बारावीनंतर अमेरिकेत जाऊन नर्सिंगची चार वर्षांची पदवी घेते. मग येते 'एनक्लेक्स' परीक्षा. ही मोठी गमतीची आहे बरं का! ती संगणकावर होते आणि संगणक तुमचं पाणी जोखत जातो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न आणखी अवघड, चुकलं की थोडा सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. मध्येच संगणकाची खात्री पटली, की परीक्षा संपली! वैशाली पास होते. नर्सिंगचा परवानाही मिळतो. आता रुग्णालयात रुजू व्हायचं, झालं!

छे, घोडं अडतं ते इथेच. शिक्षणाचा व्हिसा शिकण्यापुरता. पदवीनंतर अनुभवासाठी त्यावर वर्षभर काम करता येतं. इंजिनिअरिंगवाल्यांना पुढे आणखी दोन वर्षं मिळतात, कारण त्यांचे विषय 'विज्ञान-तंत्रज्ञाना'च्या यादीत आहेत. नर्सिंग त्या यादीत नाही. (शरीररचना, औषधांचे हिशेब हे विज्ञान नाही तर काय? पण नियम तो नियम.)

मग संगणकवाले घेतात तो 'एच-वन-बी' व्हिसा? ज्या कामाला किमान पदवी लागतेच, अशा कामासाठी तो असतो. अमेरिकेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम करूनही नर्स होता येतं, त्यामुळे वॉर्डातली नेहमीची नर्स त्यात सहसा बसत नाही. पूर्वी नर्सेससाठी खास व्हिसा होता. तो १९८९ च्या कायद्याने आला आणि १९९५ मध्ये बंद पडला. १९९९ साली दुसरा निघाला, वर्षाला अवघ्या ५०० जणांसाठी. तोही २००९ मध्ये संपला.

राहिलं ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना. इतर कामांसाठी मालकाला 'इथला माणूस मिळत नाही' हे आधी सिद्ध करावं लागतं. नर्सेससाठी ती अट माफ, कारण नर्सेस कमी आहेत हे सरकारच मान्य करतं! पण नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, तीही नवरा-बायको-मुलं धरून. एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्के. भारत असो की चिमुकला भूतान, मर्यादा तीच. शिवाय नर्सेसना वेगळी रांग नाही. आपले असंख्य संगणकवाले त्याच रांगेत उभे. २०२४ साली तिथे भारतीयांच्या २०१२ मधल्या अर्जांचा नंबर लागत होता! वैशालीच्या वर्गातल्या, तिच्याइतकेच गुण मिळवणाऱ्या नेपाळी मैत्रिणीची रांग मात्र दोन-चार वर्षांची. नुसता पासपोर्ट बदलूनही भागत नाही, बघतात ते जन्मस्थळ. आणि आई रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं, तर वयात थोडी सूट धरूनही पुष्कळदा ते तिच्या अर्जातून बाहेर पडतं.

आई-बाबांनो, कॉलेजच्या माहितीपत्रकात फी असते, वसतिगृहाचे फोटो असतात, ही रांग नसते. ती किती पुढे सरकली हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला जाहीर करतं. ते फुकट बघता येतं, त्यासाठी एजंटाला पैसे मोजायची गरज नाही.

म्हणूनच भारतात नर्सिंग करून ब्रिटन किंवा जर्मनीची वाट धरणारेही खूप आहेत. ब्रिटनमध्ये एक लेखी आणि एक प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, पण जन्मस्थळाची रांग नाही. जर्मनीत भाषा आडवी येते. पूर्ण नर्स म्हणून मान्यतेसाठी बहुतेक ठिकाणी 'बी-टू' पातळीचं जर्मन लागतं आणि तोवर सहायक म्हणून राबावं लागतं. केरळच्या नर्सेस १९६० च्या दशकापासून तिथे जात आल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे.